स्टिकरखालची खिडकी

"हे स्टिकर एकदा निघालेलं आहे," भिंगावरून डोळा न काढता कुझे म्हणाला. "काढलंय आणि परत लावलंय. जुन्या गोंदाची रेघ ही इथे, आणि कागदाची कड इथे. मिलिमीटरभर सरकलंय."

टेबलाच्या तीन बाजूंना तिघे बसले होते. 

"कुणी काढलं असेल?" शेवटी योरिकोने विचारलं. स्टिकरखालचा गेमचा बोर्ड तिचा होता. म्हणजे तिच्या भावाचा होता, आणि भाऊ जाऊन तीस वर्षं झाली होती.

"ते स्टिकर सांगत नाही. निघालं होतं, एवढंच सांगतं."

मिनेगिशी ताझुकोने मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले. उत्तर तिला ठाऊक होतं. स्टिकर तिनेच काढलं होतं, १९८८ च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी दुपारी, डाव्या अंगठ्याच्या नखाने. तीन मिनिटांसाठी.

खोली कावागुचीतल्या एका बंद पडलेल्या ओतशाळेच्या वरच्या मजल्यावर होती. जुने गेम जपणाऱ्या हौशी मंडळींनी ती भाड्याने घेतली होती; कुझे त्यांच्यातलाच. खिडक्यांना जाड पडदे होते आणि टेबलावरच्या तीन ट्यूबलाइटपैकी दोन काढून ठेवलेल्या होत्या. भिंतीलगत मासिकांचे गठ्ठे होते. त्यांतल्या एका गठ्ठ्याच्या कण्यावर 'गेम तोरिदे' ही अक्षरं ताझुकोने आत येताक्षणी ओळखली होती. त्या मासिकात तिने सोळा वर्षं काढली. मासिक बंद पडलं त्यालाही आता सोळा वर्षं होत आली होती.

टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड होता. दुकानात मिळणाऱ्या कॅसेटला प्लॅस्टिकचं कवच असतं, याला नव्हतं. गेम बाजारात येण्याआधी कंपन्या मासिकांकडे असे उघडे नमुने पाठवत. बोर्डावर दोन चिपा, दोन सॉकेटांत बसवलेल्या. एकीत गेमचा प्रोग्रॅम, दुसरीत चित्रं. दोघींच्या पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी, कारण असली चिप पुन्हा भरायची झाली तर त्या खिडकीतून जंबुपार किरण सोडून ती आधी पुसावी लागते. नको तेव्हा पुसली जाऊ नये म्हणून खिडकीवर अपारदर्शक स्टिकर. एका स्टिकरवर 'प्रोग्रॅम' आणि दुसऱ्यावर 'चित्रं' असं लिहिलेलं होतं, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. अक्षर योरिकोच्या भावाचं, सुगिउरा हारुओचं होतं.

"तुम्हाला आठवतं का काही?" योरिकोने ताझुकोला नव्हे, समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं.

उरुशिहारा टाय लावून आले होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पाठ अजून ताठ. पण खुर्चीत बसताना त्यांना टेबलाची कड धरावी लागली होती. "इतक्या वर्षांपूर्वीचं स्टिकर," ते म्हणाले. "नाही सांगता येणार."

ताझुकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

*

दोन वर्षं ती आणि उरुशिहारा एका काळ्या कापडाखाली काम करत होते. याला दुसरा अर्थ नाही. टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढायचा तर काचेवर खोलीचं प्रतिबिंब पडून चालत नाही, म्हणून टीव्ही, कॅमेरा, छायाचित्रकार आणि खेळणारा, सगळ्यांवर मिळून एक जाड काळं कापड टाकलेलं असे. शटर एक अष्टमांश सेकंद उघडं ठेवावं लागे, आणि तेवढा वेळ पडद्यावरचं काहीही हलून चालत नसे. गेम थांबवायची कळ दाबली तर पडद्यावर मधोमध तसं लिहून येई आणि फोटो वाया जाई. म्हणून खेळणारा असा लागे, जो शत्रू अंगावर येत असतानाही आपला माणूस एक अष्टमांश सेकंद निश्चल उभा ठेवील.

उपसंपादक उरुशिहारांच्या हातात ते होतं. "घे," ते म्हणत. ती घेई. "झालं?" "झालं." मग पडद्यावरचा माणूस बहुधा मरे, आणि ते जिभेने टाळूवर टक् असा आवाज काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. उन्हाळ्यात कापडाखाली इतकं उकडे की उरुशिहारांच्या चष्म्यावर वाफ धरे. एकेका गेमचे पाचशे-सहाशे फोटो निघत. ते धुऊन, कात्रीने कापून, कडेला कड जुळवून ताझुको संपूर्ण नकाशा चिकटवी. देशभरातली पोरं ते नकाशे फाडून भिंतीला लावत.

सुगिउरा हारुओ अठ्ठावीस वर्षांचा होता. तीन माणसांच्या एका कंपनीत त्याने चौदा महिने एकट्याने खपून 'दीपगृहाचा रखवालदार' नावाचा गेम लिहिला होता. सोमवारी त्याने स्वतः बोर्ड आणून दिला आणि रात्रीत नकाशाचे फोटो काढून झाले. मंगळवारी संपादकांना सुचलं की गेमसोबत बोर्डाचाही फोटो छापावा, 'आतून असा दिसतो' म्हणून, आणि चिपच्या खिडकीतली ती सोनेरी चौकट चमकताना दिसली तर बहार येईल. ताझुकोने चित्रांच्या चिपवरचं स्टिकर उचललं, दोन दिवे लावले, सहा फोटो घेतले आणि स्टिकर परत लावलं.

आपण काय केलं याचा हिशेब तिने नंतर पुष्कळदा केला होता. ती तंत्रशाळेत छायाचित्रणाचं रसायनशास्त्र शिकली होती. आकड्यांशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. चिपच्या माहितीपुस्तिकेत आकडे होते: थेट उन्हात पुसली जायला सुमारे आठवडा, ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षं. साध्या फोटोच्या दिव्याखाली तीन मिनिटांनी काहीही होत नाही. पण त्या दिवशी तिचा एक दिवा गेलेला होता आणि त्याच्या जागी तिने छपाई विभागातून प्लेटा उमटवायचा दिवा मागून आणला होता. प्लेटा उमटवायच्या दिव्यात जंबुपार किरण भरपूर असतात; त्याचं कामच ते असतं. अंतर एक फूट. या दिव्याचा आकडा कोणत्याही पुस्तिकेत नव्हता. तिने तीस वर्षांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तो काढून पाहिला आणि तिन्ही वेळा उत्तर इतकं काठावर आलं की त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं.

पुढचं सगळं महिनाभरात घडलं. गुरुवारी सुगिउराने कुरियरबरोबर प्रोग्रॅमची सुधारलेली चिप पाठवली. यात विशेष काही नव्हतं. चूक सापडली की कंपन्या नुसती चिप पाठवत, संपादकीय विभागात कोणीतरी जुनी उपसून नवी बसवी, आणि जुनी त्याच कुरियरच्या हाती परत जाई, पुसून पुन्हा वापरायला. ती चिप उरुशिहारांनी बसवली. शनिवारी सुगिउराच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि तो कामाच्या टेबलावरच गेला. कंपनी महिनाभरात गुंडाळली गेली. मालकाने संगणक विकताना त्याच्या डिस्क पुसून टाकल्या; म्हणाला, मासिकाकडे नमुना आहेच की. मग उरुशिहारा बोर्ड घेऊन त्याच्याकडे गेले, त्याने तो कन्सोलमध्ये खोचला, आणि पडद्यावर काही आलं नाही. नुसता सपाट करडा रंग.

उरुशिहारांनी तिथल्या तिथे सांगितलं की चूक त्यांची. बोर्ड आणताना त्यांनी तो स्थिर विजेपासून जपणाऱ्या स्पंजात न ठेवता लोकरीच्या स्वेटरच्या आत, छातीशी धरला होता. कोरडी हवा, लोकर, स्थिर वीज. सर्वांना पटलं. ताझुकोला पटलं नाही. चित्रांची चिप पुसली गेली तर पडदा असाच सपाट दिसणार, हे तिला माहीत होतं.

चोशीच्या सुगिउरांच्या घरी ती उरुशिहारांबरोबर गेली होती. हारुओच्या तसबिरीपुढे तो मेलेला बोर्ड ठेवून, उदबत्ती लावून झाल्यावर उरुशिहारा त्याच्या आईसमोर वळले आणि त्यांनी दोन्ही तळवे चटईवर ठेवून कपाळ जमिनीला टेकवलं. ताझुको त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसली होती. तिला त्यांचा पसरलेला उजवा हात दिसत होता, आणि तर्जनीच्या टोकाला गुंडाळलेली पांढरी पट्टी. "उठा हो, उठा," आई म्हणत होत्या. "तुम्ही काय मुद्दाम केलंत?" ते उठले नाहीत. त्या वेळी ताझुकोला बोलता आलं असतं. दारात चोवीस वर्षांची योरिको चहाचा ट्रे धरून उभी होती. 

मासिकाने उरुशिहारांना तोदाच्या गोदामात पाठवलं. न खपलेले अंक मोजून लगद्याला लावण्याचं काम. तिथूनच ते निवृत्त झाले. नववर्षाचं कार्ड दर वर्षी येई, छापील, हाताने लिहिलेली एकही ओळ नसलेलं. ताझुकोही तसंच पाठवी. तोदा काही फार लांब नव्हतं. ती एकदाही गेली नाही.

*

"तर आता सांगतो काय करणार ते," कुझे म्हणाला. पंचेचाळिशीचा, कपाळ मोठं झालेला, बोटांची नखं अगदी मुळापर्यंत कापलेला माणूस. "चिप यंत्रात बसवायची, कळ दाबायची, दहा सेकंदांत आतलं सगळं या पडद्यावर येतं. तीनदा वाचायची. तिन्ही वेळा सारखं आलं तर खरं. पण एक आधीच सांगून ठेवतो, सुगिउरा-सान. या चिपा दहा वर्षं टिकतील असं बनवणारे सांगतात. ही तीस वर्षांची म्हातारी आहे. आतला विद्युतभार झिरपत असतो. तुमच्या आईंनी देव्हाऱ्याच्या खणात, अंधारात ठेवली म्हणून आशा आहे. नाहीतर मी इतक्या लोकांना बोलावलंच नसतं."

"आई रोज सकाळी खण उघडून बघायची," योरिको म्हणाली. "मी म्हणायची, अगं बघतेस काय, त्यात काही दिसतं का? तर म्हणायची, दिसायला कशाला पाहिजे?"

"रोज किती वेळ?"

"अं?"

"खण उघडा किती वेळ असायचा?"

"कुझे-सान!" योरिकोला हसू आलं. "दोन मिनिटं असेल. कापडात गुंडाळलेला होता हो."

"मग ठीक." त्याने खरोखरच वहीत लिहून घेतलं. मग एकदम लाजून ताझुकोकडे वळला. "मिनेगिशी-सान, आल्यापासून म्हणेन म्हणेन म्हणतोय. तुमचे नकाशे माझ्या खोलीत लावलेले होते. छताला सुद्धा. अंथरुणात पडलं की भुयाराचा चौथा मजला दिसायचा."

"कागद वाईट होता. पिवळा पडला असेल."

"पडला. आणि रागावू नका, त्या चौथ्या मजल्यात एक पडदा दोनदा चिकटवलाय. मी दोन आठवडे एक दार शोधत होतो, जे नव्हतंच."

"ऑगस्टचा अंक," ताझुको म्हणाली. "उजवीकडून तिसरा. माहीत आहे."

"पुढच्या अंकात चूक छापली नाहीत तुम्ही."

"नाही. छापली नाही."

उरुशिहारा खाकरले. "तेव्हा छापायचं की नाही हे मी ठरवत होतो," ते कुझेला म्हणाले. "मिनेगिशीने दुरुस्ती लिहून आणली होती. मीच म्हटलं, राहू दे, कोणाच्या लक्षात येतंय."

"आलं," कुझे म्हणाला.

योरिकोने चोशीहून ओलसर सेनबेईचा, सोयात बुडवलेल्या तांदळाच्या चकत्यांचा, डबा आणला होता. सोयाचा खारट वास खोलीभर पसरला होता. पण टेबलावर कण सांडायला नकोत म्हणून कुझेने तो कपाटावर नेऊन ठेवला होता, आणि सगळे अधूनमधून त्याच्याकडे पाहत होते.

"चित्रांची आधी घेतो," कुझे म्हणाला. "स्टिकर हिचंच हललंय. काही झालं असेल तर हिलाच." त्याने चपट्या चिमट्याने चिप एका टोकाने थोडी, मग दुसऱ्या टोकाने थोडी, अशी आळीपाळीने सॉकेटातून उचलली. चिपचे धातूचे पाय वाकडे झाले नाहीत. यंत्राच्या खाचेत ती बसवून त्याने कडी लावली. "पुसली गेली असेल तर लगेच कळेल. पुसलेली चिप कोरी दिसत नाही. सगळीकडे एकच आकडा दिसतो. दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, खालपर्यंत."

 इथे येताना आगगाडीत तिने स्वतःला सांगितलं होतं की आधी निकाल पाहावा. प्रयोग असाच करतात. पण कुझेने कळीवर बोट ठेवलं तेव्हा तिला त्या विचारातली खोट दिसली. आकडे नीट आले तर सांगण्याची गरजच उरणार नव्हती, आणि गरज उरली नाही की ती सांगणार नव्हती, हे ती स्वतःला इतकं ओळखून होती. आकडे वाईट आले तर सांगणं म्हणजे पकडलं जाणं. दोन्हींपैकी काहीही झालं तरी नंतरच्या शब्दांना पुरावा म्हणून शून्य किंमत. अंदाज आधी लिहून ठेवावा लागतो. दहा सेकंद उरले होते.

"थांबा," ती म्हणाली.

कुझेचं बोट वर आलं.

"स्टिकर मी काढलं होतं." तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "फोटोसाठी. संपादकांनी चमक दाखव म्हटलं, काढ म्हटलं नव्हतं, काढलं मी. तीन मिनिटं उघडी होती, आणि दिवा छपाईचा होता, प्लेटांचा. फूटभरावरून. चिप पुसली गेली असेल तर ती माझ्यामुळे. स्वेटरमुळे नाही. चोशीला मी मागे बसले होते आणि बोलले नाही. नंतरही नाही." ती योरिकोकडे वळली आणि तिने मान लववली. मग उरुशिहारांकडे वळली, पण त्यांच्याकडे बघणं तिला जमलं नाही. नजर त्यांच्या टायच्या गाठीशी थांबली. "उपसंपादकसाहेब, तुम्ही माझ्याऐवजी तोदाला गेलात."



"मिनेगिशी..." उरुशिहारा म्हणाले.

योरिकोच्या चेहऱ्यावरून ताझुकोला काही वाचता आलं नाही. "दाबा," योरिको कुझेला म्हणाली. "आता दाबाच."

त्याने दाबली.

पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकू लागल्या. पहिली ओळ: शून्य, शून्य, शून्य, शून्य. मग साठ. मग एकशे सव्वीस. मग पुन्हा शून्य. ओळींमागून ओळी, एकही दुसरीसारखी नाही. ताझुको ओठ न हलवता वाचत राहिली. दोनशे पंचावन्न कुठे कुठे येत होता, पण सुटा, बाकीच्या आकड्यांच्या गर्दीतला एक म्हणून. कुझेने पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. तिन्हींची बेरीज त्याने वहीत एकाखाली एक लिहिली आणि वही फिरवून सर्वांसमोर धरली.

"सारख्या," तो म्हणाला. "एक अंश इकडचा तिकडे नाही. तुमच्या दिव्याने काही झालं नाही, मिनेगिशी-सान. मुळीच काही नाही."

तिने मान हलवली. सुटकेची लाट येईल असं तिला वाटलं होतं. तसं काही आलं नाही. डोक्यात फक्त पुढची पायरी आली, आपोआप, गणितात येते तशी: चित्रं शाबूत आहेत, तर पडदा करडा होता तो प्रोग्रॅमच्या चिपमुळे. आणि प्रोग्रॅमची चिप गुरुवारी बदललेली होती.

तिला पांढरी पट्टी आठवली.

कागदाने कापलं असेल, असं त्या दिवशी तिला वाटलं होतं. मासिकात रोज कोणाचं तरी बोट कापे. पण कागदाने कापलेलं बोट महिनाभर कोणी बांधून ठेवत नाही. तिने आता टेबलाकडे पाहिलं. उरुशिहारांनी उजवी तर्जनी डाव्या मुठीत घेतलेली होती.

"आता प्रोग्रॅमची," म्हणत कुझेने चिमटा उचलला.

"चहा घेऊ या का आधी?" ताझुको म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे हो."

"तरी पण. घोटभर."

"मिनेगिशी, राहू दे," उरुशिहारा म्हणाले. ते तिच्याकडे पाहत होते, आणि ती का थांबवते आहे हे त्यांना कळलेलं होतं. कापडाखाली ती 'घे' म्हणण्याची वाट पाहत बसे तेव्हा ते असेच एकदा वळून पाहत. "बसवा, कुझे-सान. बसवा."

चिप खाचेत बसली. कडी लागली. कुझेचं एक बोट कळीवर गेलं आणि दुसरं, सवयीने, चिपच्या पाठीवर.

"बोट लावू नका," उरुशिहारा म्हणाले. "भाजेल."

कुझेने हात मागे घेतला. एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग कळ दाबली. यंत्रावरचा लाल दिवा लागला, चिर्र असा बारीक आवाज झाला आणि यंत्राने आपण होऊन वीज तोडली. पडद्यावर एकही ओळ आली नाही. थोड्या वेळाने चिपवरच्या स्टिकरचा गोंद तापल्याचा वास आला, सेनबेईच्या वासात मिसळून.

"उलटी बसवली होती मी," उरुशिहारा म्हणाले. "गुरुवारी. चिपच्या टोकाची खूण डावीकडे हवी, मी उजवीकडे केली. घाईत होतो, असंही नाही. सुगिउरा-कुनने आत चिठ्ठी टाकली होती, आता मांजर नीट चालतं, बघा म्हणून. मला ते मांजर बघायचं होतं. कन्सोल चालू केला, वास आला, बोट लावून बघितलं. काढून सुलटी बसवली तोवर संपलेलं होतं. जुनी चिप कुरियर घेऊन गेला होता. सोमवारी फोन करून सांगू, तो दुसरी पाठवील, असं ठरवलं. सोमवारपर्यंत तो..." 

"स्वेटर?" योरिकोने विचारलं.

"स्वेटर लोकरीचा होता. बाकी खोटं."

"म्हणजे आईपुढे वाकलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि आईला वाटत राहिलं, हवा कोरडी होती. नशीब. दर हिवाळ्यात म्हणायची, हवा फार कोरडी आहे गं, जपून राहा." योरिकोचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की कुझे नकळत पुढे झुकला. "एका चिपेचं खरं सांगायला तीस वर्षं लागली दोघांना. आणि मासिकात तुम्ही लोक पोरांना गुपितं सांगायचात म्हणे. कुठली कळ किती वेळा दाबायची ती."



उरुशिहारांनी खुर्ची मागे सारली. टेबलाची कड धरून ते उठले आणि एक गुडघा जमिनीकडे नेऊ लागले.

"नको," योरिको म्हणाली. "सिमेंटची जमीन आहे. तुम्हाला उठवायला परत आम्हीच." ते तसेच, अर्धे वाकलेले राहिले. "एकदा वाकलात ना. आईने उठा म्हटलं होतं. तिने कशाबद्दल म्हटलं ते तिचं तिला माहीत. मी त्यात काही घालत नाही आणि काढतही नाही. बसा खाली."

ते बसले.

कुझेने घसा साफ केला. बोलणं त्याच्या हद्दीबाहेर गेलं होतं, आणि अशा वेळी हातांना काम देणं हा त्याचा एकमेव उपाय असावा. त्याने मेलेल्या चिपवरचं स्टिकर उचलून भिंगातून पाहिलं, आणि कोपऱ्यातली केसाहून बारीक सोन्याची तार वितळून तुटलेली आहे असं वहीत लिहिलं. तुलनेसाठी चित्रांच्या चिपवरचंही स्टिकर काढलं. मग आकड्यांवर एक आज्ञा चालवली.

"गेम चालणार नाही," तो म्हणाला. "ते गेलं, ते परत येत नाही. पण चित्रं आहेत. आणि मिनेगिशी-सान, तुम्ही पत्रात लिहिलं होतं..."

ताझुकोने पिशवीतून घडी काढली. न छापला गेलेला नकाशा. एकशे चाळीस पडदे, कडेला कड जुळवलेले, मागून टेप पिवळी पडलेली. अर्धं टेबल भरलं. चोशीचा किनारा असावा तसा किनारा, खडक, दीपगृह, कोबीची शेतं.

संगणकावर चित्रांच्या चिपेतले तुकडे एका पाठोपाठ एक उमटत होते: लाटेचा वरचा भाग, लाटेचा खालचा भाग, रखवालदाराचा पाय, दुसरा पाय, कंदील. मग एक मांजर, आठ तुकड्यांत, चालताना.

"अगंबाई," योरिको म्हणाली. "शेपूट बघा. वाकडी आहे." तिने पडद्यावर बोट ठेवलं, आणि कुझेने तेही चालवून घेतलं. "हे आमचंच. दारात सापडली होती शेपटी. दादाने लावून घेतलं होतं मनाला, त्यानेच दार ओढलं होतं."  "हे चालायचं का? म्हणजे, नीट?"

प्रश्न कोणाला होता ते स्पष्ट नव्हतं. "पहिल्या चिपेत अडखळायचं," उरुशिहारा म्हणाले. "दुसरा पाय उशिरा उचलायचं. दुसऱ्या चिपेत मी पाहिलं नाही."

"अडखळायचं ते मला दाखवा," योरिको म्हणाली, आणि खुर्ची त्यांच्या बाजूला ओढून बसली. कुझेने उठून कपाटावरचा डबा खाली घेतला.

टेबलाच्या कडेला चित्रांची चिप उघडीच पडली होती, खिडकी वर करून. ट्यूबलाइटच्या उजेडात आतली सोनेरी चौकट चमकत होती. तीन वर्षं लागतात, ताझुकोच्या मनात आलं. तीन वर्षं, या उजेडाला. तरीही तिने स्टिकर उचललं. तीस वर्षांपूर्वीच्या गोंदात अजून थोडी पकड होती. जुन्या रेघेवर नेमकी कड आणण्यासाठी तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकली.

तेवढ्यात चिपवर सावली पडली. योरिकोशी बोलता बोलता, तिकडे न वळताच, उरुशिहारांनी उजवा हात पुढे करून तो खिडकीवर उपडा धरला होता. तर्जनीच्या टोकाची कातडी गुळगुळीत होती, तिथे रेषा नव्हत्या. त्या सावलीत ताझुकोने स्टिकरचा पहिला कोपरा दाबला, मग दुसरा, तिसरा.

"झालं?" त्यांनी विचारलं.

तिने चौथा दाबला.

"झालं."